एएच्या मीटिंगला कुणी आडनाव का विचारत नाही?

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला पहिल्यांदा जाणाऱ्याला धक्का बसतो तो आपल्याला कुणी काहीच विचारत नाही याचा. अर्ज नाही, फी नाही, आडनाव नाही. मागच्या खुर्चीत तासभर गप्प बसून उठून गेलं तरी चालतं. हे पहिल्यापासून असंच असणार, असं वाटतं. पण सुरुवातीला हे दार जवळपास बंदच होतं.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेला बिल विल्सन एका व्यवहारासाठी आला होता आणि तो व्यवहार फसला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला हशा, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि स्थानिक चर्चची यादी. त्याने फोन उचलला. त्याला उपदेश करणारं कुणी नको होतं, हवा होता एक दुसरा दारुडा, कारण न्यूयॉर्कमध्ये त्याच्या लक्षात आलं होतं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की स्वतःची तलफ मागे हटते. मीटिंग शोधण्याची सुरुवात या फोनपासून धरायला माझी तरी हरकत नाही.

फोनाफोनीतून गाठ पडली ती बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असं सांगून आलेले डॉक्टर सहा तासांहून जास्त बसले. त्यानंतरही ते एकदा घसरले. मग एका शस्त्रक्रियेच्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५, आणि एए आपला जन्मदिवस तोच मानते.

मात्र तेव्हा या मंडळींना स्वतःचं नावही नव्हतं. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या छत्राखाली, एका सदस्याच्या घरी दर बुधवारी ते जमायचे. नवा माणूस थेट तिथे येऊ शकत नसे. आधी त्याला हॉस्पिटलात ठेवायचं. तिथे एकेक जण खाटेशेजारी बसून आपलीच कहाणी सांगायचा, आणि त्यानंतर कुणीतरी त्याला सोबत घेऊन जायचं. हॉस्पिटलचा हट्ट शहाणपणाचा होता. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. अशा माणसासाठी आजही आधी डॉक्टर, मग मीटिंग.

१९३९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, आणि पुस्तकाचं नाव तेच संघटनेचं झालं. १ मार्च १९४१ ला ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये मोठा लेख आला आणि दारावर रीघ लागली. वर्षाच्या सुरुवातीला दोन हजारांच्या आसपास असलेले सदस्य वर्षअखेर आठ हजारांवर गेले. न्यूयॉर्कच्या छोट्या ऑफिसात पत्रांचे ढीग पडले. मीटिंग शोधायची म्हणजे तिथे पत्र टाकायचं आणि आपल्या भागातल्या माणसाच्या निरोपाची वाट बघायची. महिन्याभरापूर्वी सुटलेले लोक कालपर्यंत पिणाऱ्यांना सांभाळत होते.

गर्दीबरोबर भीतीही आली. भलतीसलती माणसं शिरतील म्हणून प्रत्येक गटाने प्रवेशाचे नियम केले. मुख्य ऑफिसने ते एकत्र मागवले, आणि यादी बघून बिलच्या लक्षात आलं की हे सगळे नियम सगळीकडे लावले असते, तर एएमध्ये एकालाही शिरता आलं नसतं! १९४६ मध्ये त्याने बारा परंपरा, म्हणजे गटांनी कसं चालावं याची तत्त्वं, मांडल्या, १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात त्या मंजूर झाल्या. सदस्य व्हायला अट उरली एकच: दारू सोडण्याची इच्छा.

बाकीच्या परंपराही अशाच ठेचा खाऊन आल्या. जॉन रॉकफेलर (ज्युनिअर) या धनाढ्याकडून मोठ्या देणगीची आशा होती. पण पैशाने हे काम बिघडेल, असं त्याचं मत पडलं. आज मीटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीत ज्याला जमेल तो टाकतो, बाहेरची देणगी घेत नाहीत. राजकारणापासून लांब राहण्यामागे वॉशिंग्टोनियन चळवळीचा धडा आहे. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी ती सुरू केली, ती झपाट्याने पसरली, आणि दारूबंदीच्या वादासारख्या भानगडींत पडून काही वर्षांत विरली. आडनाव गाळण्याचं मूळ कारण तर अगदी साधं होतं. नोकरी जाण्याची भीती. आपल्यातला कुणी पुढारी होऊन मिरवू नये, हा विचार नंतर जोडला गेला.

जाण्याआधी एवढं बघावं: ‘खुल्या’ मीटिंगला कुणीही बसू शकतं, ‘बंद’ मीटिंग फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. दारूतून बाहेर पडण्यासाठी एए ज्या बारा पायऱ्या सांगते, त्यांमधला देवाचा उल्लेख ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरी ही वेगळी संघटना आहे. खटकण्यात गैर काहीच नाही.

पत्राची जागा आधी फोनने आणि मग मोबाइलने घेतली. २०२० च्या साथीत तर मीटिंगच घराघरांतल्या पडद्यावर आली. तिथेही सुरुवातीला विचारतात, “आज पहिल्यांदा कुणी आलंय का?” हात वर करायची सक्ती नसते.