उमेदवारी (नोकरीसाठी अर्ज व मुलाखत)

रिकाम्या जागेसाठी अर्ज करणे, त्यासोबत आपली माहिती व दाखले जोडणे आणि निवड करणाऱ्यांसमोर प्रत्यक्ष चाचणीला बसणे, या साऱ्या खटाटोपाला मिळून उमेदवारी म्हणतात. निवडणुकीतील उमेदवारी हा या शब्दाचा नंतरचा विस्तार असून त्याचा विचार येथे केलेला नाही. उदाहरणे मुख्यतः नाशिक शहर व जिल्ह्यातील आहेत.

व्युत्पत्ती : ‘उमेदवार’ हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ ‘आशा बाळगणारा’. जुन्या कचेऱ्यांत कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी राबून जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्यास उमेदवार म्हणत. तो अर्थ अजून मेलेला नाही. ‘उमेदवारीची वर्षे’ म्हणताना आपण नवशिकेपणाचीच वर्षे मोजतो, आणि १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात शिकणाऱ्यांना सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ असेच नाव आहे.

‘अर्ज’ हा अरबीतून फार्सीमार्गे आला. मूळ अरबी व्यंजनाचा फार्सीत ‘झ’सारखा उच्चार होऊन मराठीत ‘ज’ झाला. कर्ज, मर्जी हे शब्द त्याच वाटेने आलेले आहेत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फार्सी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. त्याचे कर्तृत्व रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे की धुंडिराज व्यासाकडे द्यावे, याविषयी एकवाक्यता नाही. ते कसेही असो, ‘अर्ज’ मात्र हटला नाही.

‘मुलाखत’ अधिक अडचणीचा. अरबी-फार्सी ‘मुलाकात’मधील घशातून उच्चारला जाणारा ‘क’ मराठीत ‘ख’ कसा झाला? एक मत असे की, दख्खनी बोलीत (दख्खनच्या मुसलमानी अमदानीत वाढलेल्या हिंदी-उर्दू बोलीत) या ‘क’चा उच्चार ‘ख’ होतो आणि मराठीने शब्द तिथून कानाने उचलला. ‘वखत’ हे त्याचे दुसरे उदाहरण. मग कलम, किल्ला, कर्ज, तालुका यांत ‘क’ का टिकला, या आक्षेपाला उत्तर असे की, हे शब्द दप्तरातून, म्हणजे लेखी वाटेने आले. दुसऱ्या मताप्रमाणे हा मराठीतीलच महाप्राणाचा, म्हणजे ‘ह’कारयुक्त उच्चाराचा, ओढा आहे, कारण ‘पोशाक’मध्ये तो विशिष्ट ‘क’ नसूनही मराठीत ‘पोशाख’ झाला. पोशाखाचे उदाहरण वजनदार आहे. तरीही दप्तरी आणि बोली शब्दांतील फरक पहिल्या मताने अधिक चांगला उलगडतो. मूळ अर्थ केवळ ‘भेट’. पारख करण्याचा अर्थ पुढे केव्हातरी, बहुधा इंग्रजी अमदानीतील निवडपद्धतीबरोबर, चिकटला असावा. ‘वशिला’ हाही अरबीच. त्याचा अर्थ ‘साधन’ एवढाच; बदनामी इकडची.

उगम : लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झास लिहिलेले पत्र हा पहिला नोकरी-अर्ज, असे पुष्कळदा सांगितले जाते. पत्राचा काळ १४८२ च्या सुमाराचा धरतात, पण तो निश्चित नाही, आणि उपलब्ध मसुदा त्याच्या हातचा नसावा असे मानतात. ‘पहिला’ हे विशेषण सैल आहे, कारण आश्रयदात्यास विनंती करणारी पत्रे त्याआधीही होतीच. लक्षात घेण्याजोगे हे की, त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे यांची कलमवार जंत्री आधी येते आणि चित्रकला शेवटी. युद्धाच्या धामधुमीतल्या सत्ताधीशाला काय हवे ते पाहून कलमे लावली आहेत.

मुलाखतीचा जनक म्हणून टॉमस एडिसनचे नाव घेतात. १९२१ मध्ये त्याची उमेदवारांसाठीची प्रश्नावली गाजली हे खरे, पण ती सामान्यज्ञानाची चाचणी होती. भारतापुरते पाहता लेखी स्पर्धेचा धागा ब्रिटनमधील सरकारी नोकरभरतीविषयीचा १८५४ चा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल आणि १८५५ पासूनची सनदी सेवेची लंडनमधील परीक्षा यांच्याशी जोडणे अधिक सयुक्तिक. केंद्रीय लोकसेवा आयोगाचा पूर्वावतार १ ऑक्टोबर १९२६ रोजी स्थापन झाला. महाराष्ट्राचा आयोग १९६० चा.

नाशिकमधील प्रचार : येथे दोन वाटा शेजारीशेजारी चालतात. नाशिकरोडची मुद्रणालये (चलनी नोटांचे १९२८ चे) आणि ओझरचा १९६४ चा विमान कारखाना ही सरकारी वाट. तिथे जाहिरात, ऑनलाइन अर्ज, परीक्षा, कागदपत्र पडताळणी असा क्रम असतो. सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहती ही दुसरी. तिथे कंपनीच्या गेटवर बायोडाटा देणे, ठेकेदारामार्फत लागणे, ट्रेनी म्हणून राहून ‘परमनंट’ची वाट पाहणे हे प्रकार रूढ आहेत. जुन्या अर्थाची उमेदवारी या दुसऱ्या वाटेवर जिवंत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

अर्ज : माहितीपत्रास बोलीभाषेत बायोडाटा किंवा रेझ्युमे म्हणतात. (लग्नाच्या स्थळासाठीही बायोडाटाच असतो, दोन्ही बहुधा एकाच झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतात, आणि जन्मवेळ, उंची, गोत्र नोकरीच्या कागदावर उतरतात ती तिथूनच.) नवख्याला एक पान पुरते. जाहिरातीत मागितलेले काम आपण कुठे, किती काळ, कोणत्या यंत्रावर केले हे वर यावे. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे शब्द वाचणारा गाळून पुढे जातो. तीच प्रत सर्व कंपन्यांना पाठविणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक होय.

सरकारी वाटेवर खरी अडचण कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जातीचे प्रमाणपत्र यांतील नाव अक्षरशः जुळावे लागते. वडिलांच्या नावातील ‘राव’ एका दाखल्यावर असतो, दुसऱ्यावर नसतो. विवाहित स्त्रीच्या बाबतीत माहेरचे नाव दाखल्यांवर आणि सासरचे आधारवर, त्यामुळे विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र दाखवावे लागते. जातवैधता आणि नॉन-क्रीमी लेयर ही प्रमाणपत्रे वेळ घेतात. नॉन-क्रीमी लेयरची मुदत मर्यादित असल्याने ते कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे जाहिरातीतील अटीशी ताडून पाहावे लागते. झेरॉक्सवर आता सहसा स्वतःची सही चालते. मूळ प्रती मात्र सोबत लागतात.

मुलाखत : आयटीआय झालेल्या फिटर-टर्नरची मुलाखत पुष्कळदा टेबलावर कमी आणि वर्नियरवर जास्त होते. हातात वर्नियर कॅलिपर (बारीक माप घेण्याचे उपकरण) देऊन माप वाचायला सांगतात. लीस्ट काउंट (उपकरणाने मोजता येणारे सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी हे तोंडपाठ असूनही शून्याची चूक (जबडे मिटल्यावर शून्य न दाखविणे) न तपासणारा तिथेच अडकतो. ड्रॉइंगवरील टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येणे हे इंग्रजी बोलण्याहून मोलाचे ठरते.

पदवीधरांना ‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न ठरलेला. त्याला गाव, आईवडील, छंद असे उत्तर देण्याची शाळकरी सवय आहे. अपेक्षा असते ती शिक्षण, केलेले काम आणि या जागेशी त्याचा संबंध, तेही दीड-दोन मिनिटांत. अनुभवाच्या प्रश्नांना प्रसंग, आपल्यावरची जबाबदारी, आपण केलेली कृती व तिचा परिणाम या क्रमाने उत्तर देण्याची पद्धत रूढ आहे. त्यात ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ काय केले हे सांगावे लागते, आणि सुरगाणा-पेठ किंवा बागलाणकडील मुलांना तेच जड जाते. मोठ्यांसमोर ‘मी’ म्हणणे त्यांच्या वळणात बसत नाही. केंद्रीय आयोगाकडे मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्यास मुलाखतही मराठीतून देता येते. पगाराची बोलणी करताना वार्षिक आकडा आणि ‘हातात किती’ हे वेगळे विचारावेत.

मुलाखतीचे वजन : अजय हासिया प्रकरणात (निकाल १९८०) सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयातील प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण मुलाखतीला ठेवणे मनमानी ठरविले आणि १५ टक्क्यांची मर्यादा सुचविली. अशोककुमार यादव प्रकरणात (१९८५) सेवाभरतीसाठी १२.२ टक्के हे प्रमाण पुढे आले. केंद्रीय आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला, म्हणजे सुमारे १३.६ टक्के आहेत. केंद्र शासनाने ‘क’ गट व ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या.

मुलाखतीवरून पुढील काम कितपत ओळखता येते, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांत वादाचा आहे. श्मिट व हंटर (१९९८) यांनी सर्वांना तेच प्रश्न विचारणाऱ्या बांधीव मुलाखतीचा पुढील कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१ आणि मोकळ्या गप्पांचा ०.३८ दिला होता. सॅकेट व सहकाऱ्यांनी (२०२२) हे आकडे अनुक्रमे ०.४२ व ०.१९ असे उतरविले. आकड्यांची सांख्यिकी दुरुस्ती कशी केली ते पाहता नंतरचे आकडे अधिक ग्राह्य वाटतात. क्रम मात्र दोन्हीकडे तोच राहतो.