पिलाटेस: ताब्याच्या व्यायामाची पार्श्वभूमी

ज्याच्या आडनावावरून ‘पिलाटेस’ या व्यायामप्रकाराचे नाव पडले, त्या जोसेफ पिलाटेसने आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हटले होते. त्याच्या लेखी मुद्दा पोट सपाट करण्याचा नव्हता, प्रत्येक हालचाल मनाच्या ताब्यात असण्याचा होता. हे विसरले की पिलाटेस म्हणजे नुसत्या पोटाच्या कसरती उरतात.

जोसेफचा जन्म १८८३ साली जर्मनीतल्या मन्शनग्लाडबाखचा. लहानपणी दमा आणि मुडदुसाने शरीर खंगलेले, म्हणून जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंगकडे ओढा. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला आधी लँकेस्टरला आणि मग आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत स्थानबद्ध केले. पद्धतीची घडण तिथेच झाली असे मानतात. १९२६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि जोडीदार क्लाराच्या साथीने न्यूयॉर्कच्या एट्थ अव्हेन्यूवर व्यायामशाळा चालवू लागला. दुखापत झालेले नर्तक तिथे येऊ लागले. जॉर्ज बॅलनशीन आणि मार्था ग्रॅहम हे नामवंत नृत्यदिग्दर्शकही त्याला मानत. १९४५ च्या पुस्तकात त्याने चटईवरचे ३४ व्यायाम दिले.

त्यातला पहिला ‘हंड्रेड’. उताणे झोपून डोके आणि खांदे उचलायचे, पाय सरळ ठेवून जमिनीपासून थोडे वर धरायचे. हात शरीरालगत ताठ ठेवून वीतभर खाली-वर हलवायचे: पाच हालचालींत श्वास आत, पाचांत बाहेर, अशा दहा फेऱ्या. सुरुवात मात्र २० हालचालींनी करून पाच-पाचने वाढवावी, असे जोसेफनेच लिहून ठेवले आहे. नवखे थेट शंभरावर जातात आणि मान धरते. दुसरी चूक पायांची: पोटाची ताकद कमी असताना पाय खाली नेले की कंबर जमिनीवरून उचलली जाते आणि सगळा ताण पाठीवर येतो. अशा वेळी गुडघे वाकवून पाय वर घ्यावेत. श्वास कोंडला की पोट फुगून वर येते. काम करायला हवे ते पोटाच्या सर्वांत आतल्या आडव्या स्नायूने, जो पट्ट्यासारखा कंबरेभोवती असतो.

‘रिफॉर्मर’ हे यंत्र म्हणजे रुळांवर सरकणारी गादी आणि तिला अडकवलेल्या स्प्रिंगा. कमी स्प्रिंगा म्हणजे सोपा व्यायाम, ही समजूत चुकीची. बऱ्याच व्यायामांत गादी हलकी झाली की ती डळमळते आणि तोल सांभाळायला धडाला जास्त राबावे लागते.

फायद्यांत सर्वांत जास्त तपासली गेली ती जुनाट कंबरदुखी. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात. इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा मात्र मिळाला नाही. आमच्या मते हा निष्कर्ष पिलाटेसला कमीपणा आणणारा नाही. मन लावून, नेमाने करता येईल तो व्यायाम निवडावा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र पाठ गोल करून पुढे वाकण्याचे, लोळण्याचे प्रकार टाळावेत, कारण त्यात मणका दबून मोडू शकतो. ‘हंड्रेड’ही त्यांनी डोके जमिनीवर ठेवूनच करावा.

जोसेफ १९६७ मध्ये गेला. पुढे या नावाच्या मालकीवरून खटला झाला आणि २००० साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ‘पिलाटेस’ हे व्यायामप्रकाराचे सर्वसाधारण नाव ठरवले. त्यामुळे ही पाटी कुणालाही लावता येते. वर्गात नाव घालण्याआधी शिक्षकाचे प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचे झाले, हे विचारून घ्यावे.