पाऊण जागा कुणाची?

जुलै २०२४मध्ये ब्रिटनच्या निवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं पडली आणि ६५०पैकी ५ जागा मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के मतं होती; त्यांचे ७२ खासदार निवडून आले. मोजणीत कुठलीही गडबड नव्हती. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तोच विजयी, असा नियम असला की देशभर विखुरलेली मतं वाया जातात, ठरावीक भागांत एकवटलेली फळतात.

म्हणून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी होते, आणि ती रास्तच आहे. पण 'जेवढे टक्के मतं तेवढे टक्के जागा' एवढं म्हणून काम भागत नाही, कारण अर्धा आमदार निवडून देता येत नाही. खरी मेख अपूर्णांकांत आहे.

समजा, एका मतदारसंघातून ८ प्रतिनिधी निवडायचे आहेत आणि १ लाख मतं पडली. 'अ' पक्षाला ४७,०००, 'ब'ला २८,०००, 'क'ला १६,०००, 'ड'ला ९,०००. एका जागेमागे १२,५०० मतं धरली तर वाटे येतात ३.७६, २.२४, १.२८ आणि ०.७२. पूर्णांकांची बेरीज फक्त ६. उरलेल्या दोन जागा कुणाच्या?

ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला जागा, हे सुचायला सोपं. पण १८८०च्या जनगणनेनंतर अमेरिकेत राज्यांना जागा वाटण्याची गणितं मांडली, तेव्हा सभागृह २९९ जागांचं धरलं तर अलाबामाला ८ जागा येत होत्या आणि ३०० जागांचं धरलं तर ७! एकूण जागा वाढल्या आणि वाटा घटला.

भाजकांच्या पद्धतीत असं होत नाही. बेल्जियमच्या व्हिक्टर द'हाँट यांनी १८७८मध्ये मांडलेली रीत अशी: प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३, ४... ने भागत जा आणि सगळ्या उत्तरांतली सर्वांत मोठी आठ निवडा. 'अ'ची उत्तरं ४७,०००, २३,५००, १५,६६७, ११,७५०, ९,४००. आठवी जागा या ९,४००ला जाते आणि ९,००० मतांचा 'ड' बाहेर राहतो. निकाल ५, २, १, ०. म्हणजे ४७ टक्के मतांवर ६२.५ टक्के जागा.

आता भाजक १, ३, ५, ७ घ्या. ही सँत-लाग्यू पद्धत. सातवी जागा ९,०००वाल्या 'ड'ला, आठवी ६,७१४ घेऊन 'अ'ला. निकाल ४, २, १, १.

विषम भाजकांत जादू नाही. द'हाँट पद्धतीत अपूर्णांक सरळ कापला जातो. वरच्या उदाहरणात सगळ्यांची मतं आठव्या जागेच्या ९,४००ने भागा: ५, २.९८, १.७०, ०.९६. 'ब' आणि 'ड' यांची जवळपास एकेक जागा कापली गेली, 'अ'चं काहीच गेलं नाही. सँत-लाग्यू पद्धत जवळच्या पूर्णांकाकडे नेते, म्हणजे पुढची जागा मिळण्याच्या सीमा ०.५, १.५, २.५ अशा असतात. त्यांची दुप्पट १, ३, ५. उघड आहे की पहिली जागा यात स्वस्त पडते, आणि मोठ्या पक्षाला मुद्दाम फुटून लढण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून स्वीडनमध्ये पहिला भाजक १ऐवजी १.२ ठेवला आहे.

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या आणि सहज न बदलता येणाऱ्या नोंदवहीत, मतदान घेतलं की लोकशाही सुधारेल, असे दावे केले जातात. मत कितीही सुरक्षित नोंदवा, नंतर जागा ठरवण्याची रीत तीच राहिली तर १४ टक्के मतांचे ५च खासदार होणार.

भाजक योग्य निवडूनही दोन ठिकाणी घात होतो. एक, किमान मतांची अट. तुर्कस्तानात ती १० टक्के होती. २००२मध्ये दोनच पक्ष ती ओलांडू शकले आणि ३४ टक्के मतांवर एका पक्षाला ५५०पैकी ३६३ जागा गेल्या. दुसरं, मतदारसंघाचा आकार. स्पेनच्या सोरिया प्रांतात २च जागा आहेत. दोन जागांत द'हाँट पद्धतीने एक जागा हमखास हवी, तर एक तृतीयांशाहून जास्त मतं लागतात. तिथे छोट्या पक्षाला प्रमाणशीर पद्धतीचा उपयोग शून्य. यावर तोड म्हणून स्वीडनने ३४९पैकी ३१० जागा मतदारसंघांत वाटून ३९ जागा राखून ठेवल्या आहेत. देशभरच्या मतांचा हिशेब करून, ज्या पक्षाचा वाटा कमी भरतो त्याला त्या दिल्या जातात.