सीपीके चाचणी आली कुठून?

‘सीपीके’ ही रक्ततपासणी म्हटलं की आपल्याकडे अनेकांना हार्ट अटॅकच आठवतो. छातीत दुखलं, रात्री दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला आणि लगोलग सीपीके-एमबीसाठी रक्त घेतलं, हे एका अख्ख्या पिढीने पाहिलंय. त्यामुळे पायाचे स्नायू दुखतात म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी हीच तपासणी लिहून दिली की घरचे हबकतात. पण ही चाचणी मुळात स्नायूंच्या आजारासाठीच पुढे आली. हृदयाकडे ती नंतर गेली आणि आता बरीचशी परत स्नायूंकडे आली आहे.

१९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधून काढलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्याच्याही हाती तोच पदार्थ लागला होता. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमवरमचे. इतकं मूलभूत काम केलेल्या माणसाचं नाव आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. स्नायू राबतो तेव्हा फॉस्फोक्रिएटिन घटतं आणि विसावा मिळाला की पुन्हा भरतं. वरखर्चासाठी डब्यात ठेवलेल्या पैशांसारखा हा ऊर्जेचा साठा असतो. धावत बस पकडायची तर पहिले काही सेकंद त्यावरच निघतात. पुढे १९३४ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी या साठ्याचा आणि एटीपीचा, म्हणजे पेशी थेट वापरतात त्या ऊर्जेच्या रेणूचा, संबंध उलगडला. दोघांमधली देवाणघेवाण घडवून आणणारं एन्झाइम म्हणजे क्रिएटिन कायनेज. रिपोर्टवर कुठे सीके छापतात, कुठे जुन्या नावाने सीपीके, दोन्ही एकच.

हे एन्झाइम स्नायूपेशीच्या आत काम करतं. रक्तात ते थोडंसंच असतं. पेशीच्या आवरणाला इजा झाली की ते बाहेर झिरपतं आणि रक्तातली पातळी चढते. १९५३ साली पॅरिसमध्ये शापिरा आणि ड्रेफ्यूस यांनी स्नायूंच्या आजारात रक्तातलं अल्डोलेज हे दुसरं एन्झाइम वाढलेलं दाखवलं होतं. पण अल्डोलेज यकृतात आणि तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे निदानाचा गोंधळ व्हायचा. १९५९ साली टोकियोत सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, रुग्णांच्या रक्तात क्रिएटिन कायनेज मोजलं आणि ते खूपच वाढलेलं आढळलं. यकृतात हे एन्झाइम जवळजवळ नसतं, म्हणून खूण बरीच स्वच्छ मिळाली. आजची चाचणी उभी आहे ती या कामावर.

लॅबमध्ये एन्झाइमचं वजन होत नाही, त्याच्या कामाचा वेग मोजला जातो. नमुन्यात फॉस्फोक्रिएटिन आणि एडीपी (एटीपीतली ऊर्जा खर्चल्यावर उरणारा रेणू) घालतात. एन्झाइम त्यातून एटीपी बनवतं. पुढे आणखी दोन एन्झाइमांच्या साखळीतून असा पदार्थ तयार होतो, जो ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. हे शोषण दर मिनिटाला किती वाढतं, त्यावरून ‘युनिट प्रति लिटर’ हा आकडा येतो. १९६७ साली लंडनच्या सिडनी रोझाल्की यांनी ही पद्धत सुटसुटीत केली आणि ती साध्या लॅबच्याही आवाक्यात आली.

दरम्यान हृदयतज्ज्ञांनी ती उचलली होती. हार्ट अटॅकनंतर एसजीओटी हे यकृत, हृदय आणि स्नायूंत असणारं एन्झाइम रक्तात वाढतं, हे १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये दिसलं. १९६० साली पॅरिसच्या गटाने क्रिएटिन कायनेजबद्दल तेच दाखवलं. मग या एन्झाइमचे एमएम, एमबी आणि बीबी असे तीन प्रकार सापडले. एमबीचं प्रमाण हृदयात जास्त, म्हणून पुढची काही दशकं हार्ट अटॅकच्या निदानात त्याचा शब्द चालला. २००० साली युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी हार्ट अटॅकची नवी व्याख्या केली, तेव्हा रक्तातल्या ट्रोपोनिन या प्रथिनाच्या तपासणीला पहिला मान मिळाला. स्नायूतलं हे ट्रोपोनिन १९६५ साली शोधलं कुणी? त्याच एबाशींनी, आयाको कोडामा यांच्यासोबत. वैद्यकाच्या इतिहासातला इतका सुंदर योग मला दुसरा माहीत नाही.

आता आकड्याकडे. मोठ्या माणसांत साधारण दोनशेच्या आत नॉर्मल धरतात, पण लॅबनुसार मर्यादा बदलते आणि स्नायू भरदार असलेल्यांत, एकूणच पुरुषांत, ती वरची असते. खूप दिवसांनी जिमला जाऊन भरपूर बैठका मारल्या तर निरोगी माणसाचाही आकडा हजारांत जाऊ शकतो. तो काही तासांत चढू लागतो, एक ते तीन दिवसांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. दंडावर घेतलेलं इंजेक्शन, मंदावलेलं थायरॉइड, कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही तो वाढतो. २००१ साली सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेतलं गेलं, ते स्नायू विरघळून मूत्रपिंडावर बेतल्यामुळेच. लघवी चहाच्या रंगाची झाली असेल तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

पण सर्वात जास्त लक्ष द्यायला हवं ते लहान मुलांकडे. तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या टणक, भरलेल्या दिसतात, म्हणून घरचे खूशच असतात. तापासाठी रक्त तपासलं की एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं निघतं आणि महिनोन्‌महिने यकृताची औषधं चालतात. ही दोन्ही एन्झाइमं स्नायूतूनही येतात, हे लक्षातच घेतलं जात नाही. अशा वेळी जीजीटी (यकृताचं, पण स्नायूतून न येणारं एन्झाइम) नॉर्मल असेल तर सीपीके करायलाच हवं. ड्यूशेन डिस्ट्रॉफीत, म्हणजे मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, ते नॉर्मलच्या दहा ते शंभर पट असतं, तेही जन्मापासून, अशक्तपणा दिसायच्या आधीच. १९८६-८७ मध्ये या आजाराचं जनुक आणि डिस्ट्रॉफिन प्रथिन सापडलं, त्यामुळे पक्कं निदान आता जनुकीय तपासणीने होतं.

या मुलांचं वय वाढतं तसा सीपीकेचा आकडा उतरतो. पालकांना वाटतं, गुण येतोय. खरं तर स्नायूच कमी उरलेला असतो. आजार कुठवर आलाय हे डॉक्टर मुलाच्या चालण्यावरून, जमिनीवरून उठायला लागणाऱ्या वेळावरून आणि हृदय-फुप्फुसांच्या तपासण्यांवरून ठरवतात; त्यासाठी सीपीके पुन्हापुन्हा करण्याची गरज नसते.