तिथी पाहून टाकलेला गळ

कृष्णेकाठच्या माणसाला पाण्याची दिशा विचारावी लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं पाणी बारा महिने एकाच बाजूला जातं. डोह कुठे, संथ पाणी कुठे, एवढं हेरलं की गळ टाकून बसायचं. आम्ही मित्र दर हिवाळ्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर जातो. तिथलं पाणी मात्र सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं.

पहिल्या खेपेला आमिषही घरचंच नेलं होतं, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. एक गळाला लावून लाटेत सोडलं. थोड्या वेळाने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओढून पाहिलं, तर मघाशी वळवळणारं गांडूळ आक्रसून निपचित झालं होतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, गांडुळाच्या अंगरसात त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे पातळ कातडीतून त्याच्या अंगातलं पाणी खारट बाजूला ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तेच हे. शास्त्रात याला परासरण म्हणतात.

मग मासा कसा तगतो? त्याचं रक्तही समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतं आणि त्याच्याही कल्ल्यांतून पाणी सारखं झिरपून जातं. ती तूट भरायला तो समुद्राचं पाणी पितो आणि सोबत आलेलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींवाटे बाहेर टाकतो. लघवी अगदी थोडी. कृष्णेतल्या रोहूचं सगळं उलटं: त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, म्हणून ते पीत बसायची गरज नाही, उलट ढीगभर पातळ लघवी करून ते बाहेर काढावं लागतं. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेली मुडदुशी तव्यावर टाकण्याआधी मीठ का लावावं लागतं, हेही यातूनच कळतं. जिताड्याला तर दोन्ही साधतं, नदीतही आणि समुद्रातही. तो बहुधा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मला या माशाचं फार अप्रूप आहे.

आता आम्ही आमिषाला कोळंबी लावतो. पण आमिषापेक्षा वेळ महत्त्वाची. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघड्या पडलेल्या वाळूवर वाकून पाहा: कुर्ल्यांची बिळं, किड्यांनी वर टाकलेल्या वाळूच्या शेवया, अर्धवट रुतलेल्या शिंपल्या. पाणी चढू लागलं की हे सगळं ताट त्याखाली जातं आणि मासे उथळात चरायला येतात. गरवायची खरी वेळ तीच. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की गळही बराच वेळ गप्प असतो.

ही वेळ सांगलीत बसून काढता येते. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्रीही. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, भरतीही तेवढीच मागे सरते. पाऊण तास हा त्याचाच तोंडी हिशेबाला सोपा आकडा. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून आम्ही भरतीचं छापील वेळापत्रकही पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्राचं ओढणं एका रेषेत येतं आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतं, ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. सूर्य एवढा अवजड, तरी दूर असल्यामुळे त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी.

गळ कुठे टाकायचा, ते लाटा सांगतात. जिथे लाट फुटते तिथे पाणी तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल असतं. बाहेर एक पांढरी रेघ, काठाशी दुसरी आणि मध्ये न फुटणारा गडद पट्टा दिसला, तर तो खळगा आहे. गळाला बांधलेलं शिसं तिथेच पडलं पाहिजे. काजळी नदीच्या मुखाशी मात्र ओहोटीला पाण्यात उतरू नका, ओढ जबर असते.

पुढची खेप वद्य द्वादशीची ठरली आहे. बारा पाऊणे नऊ. म्हणजे सहाच्या आत वाळूवर पोचायचं आणि सांगलीतून रात्री एकलाच गाडी काढायची.