बोनस ॲक्शन म्हणजे छोटी ॲक्शन नव्हे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ॲक्शन काय असते, हे खेळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वार करा, मंत्र टाका, धावा, लपा, टर्नला एकदा. रिॲक्शन, म्हणजे एखाद्या घटनेला लगेच दिलेला प्रतिसाद, तीही सोपी: एकदा वापरली की आपली पुढची टर्न सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. घोळ होतो तो बोनस ॲक्शनपाशी, आणि दर वेळी तोच: "माझी ॲक्शन उरलीय, तिच्यात आणखी एक बोनस ॲक्शन करतो."

नाही करता येत. मोठी नोट मोडून सुट्टे घ्यावेत तसा हा व्यवहार नाही. बोनस हा वेगळाच कप्पा आहे, आणि एखाद्या मंत्रात किंवा क्षमतेत 'बोनस ॲक्शन' असं लिहिलं असेल तरच तो उघडतो. तसं काही नसेल तर त्या टर्नला बोनस ॲक्शन मिळतच नाही. फायटर या लढवय्या पात्राची 'ॲक्शन सर्ज' ही क्षमता आणखी एक ॲक्शन देते, आणखी बोनस नाही.

अदलाबदल चालवून घेणारे डीएम (खेळ चालवणारे डंजन मास्टर) म्हणतात, काय बिघडतं? तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी घ्या. स्पिरिच्युअल वेपन या मंत्राचं हत्यार एकदा उभं केलं की दर टर्नला बोनसमध्ये १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) अधिक ३ (त्याच्या विझडमचे) नुकसानाचा एक वार मिळतो. त्याच्या ॲक्शनमधला सेक्रेड फ्लेम हा मंत्र नुसता १डी८ देतो. अदलाबदल चालली, तर तो सेक्रेड फ्लेम कशाला टाकेल?

बोनसची खरी किंमत कळते ती दोन शॉर्टस्वर्डवाल्या रेंजरकडे. २०१४ च्या नियमांत दुसऱ्या हाताचा वारही बोनस आणि हंटर्स मार्कही (खूण केलेल्या शत्रूवर प्रत्येक वाराला जादा नुकसान देणारा मंत्र) बोनस. डेक्स्टॅरिटी (चपळाई) अधिक ३, टू-वेपन फायटिंग स्टाइल (दुसऱ्या वारातही ते ३ मिळवून देणारी क्षमता) नाही, सगळे वार लागले असं धरू. पहिल्या टर्नला मार्क लावा किंवा दुसरा वार करा, सरासरी नुकसान १०च. मार्क आधीच असेल तर दुसऱ्या टर्नपासून १७, नसेल तर १०च. पण शत्रू मेला की मार्क हलवायला पुन्हा बोनस जातो. म्हणजे एका वारात मरणारे गॉब्लिन समोर असतील तर मार्कवर खर्चलेला स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) वाया. २०२४ च्या नियमांत एका हातात सिमिटार (वाकडी तलवार) घेऊन तिची निक मास्टरी ही खास खुबी वापरली की दुसरा वार अटॅक ॲक्शनमध्येच होतो आणि बोनस मोकळा राहतो. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

म्हणून स्वतःची क्षमता रचताना 'हलकी वाटते, करा बोनस' असं ठरवू नका. त्या पात्राचा बोनस आत्ता कशावर जातो, ते आधी टर्नवार लिहून काढा. ज्या विझर्डचा बोनस बहुतेक टर्नला रिकामाच जातो, त्याला तुमची क्षमता फुकट पडेल. २०१४ च्या त्या रेंजरला मात्र तीच क्षमता एक वार गमावून घ्यावी लागेल.