तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रोग्रॅम कोणी, कधी आणि का बदलला?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. १२ टक्क्यांतला बहुतेक माल ५ टक्क्यांवर आला, २८मधला बराचसा १८वर. त्या आठवड्यात ज्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरला हात लावावा लागला नाही असा व्यापारी विरळाच. पण त्या तारखेआधी विकलेला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. दर तारखेसकट मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मूळ माहितीच्या यादीत) ठेवलेला असेल तर हे आपोआप जमतं. पण प्रोग्रॅममधल्या स्कीम डिस्काउंटच्या हिशेबात कोणी थेट '१२' लिहून ठेवलेलं असेल आणि घाईत ते खोडून '५' केलं असेल, तर जुनं बिल पुन्हा छापलं की रक्कम वेगळी येते. पुढे कधी नोटीस आली की विचारणा होणार, हे असं कसं? एंट्रीला तर कोणी हात लावलेला नसतो. बदललेला असतो प्रोग्रॅम, आणि तो कोणी बदलला हे एंट्रीच्या इतिहासात सापडत नाही.

कायदा काय मागतो

कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल, म्हणजे बदलांचा माग, राहतो, प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद होते आणि ही नोंद बंद करता येत नाही. कंपनीज (अकाउंट्स) रूल्स, २०१४ मधला नियम ३(१) हे सांगतो. ही सोय वर्षभर चालू होती का, तिच्यात छेडछाड झाली का, नोंदी जपून ठेवल्या का, हे ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं सांभाळायची असतात.

'आमची तर प्रोप्रायटरी फर्म आहे, आम्हाला हे लागू नाही,' असं अनेक ग्राहक म्हणतात. कंपनी कायद्यापुरतं ते बरोबर आहे. पण सीजीएसटी नियम ५६(८) प्रमाणे, पुस्तकं कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या नोंदणीकृत करदात्याने बदललेल्या आणि डिलीट केलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा असतो. तिथे कंपनी आणि दुकान असा भेद नाही.

एडिट लॉग जिथे थांबतो

टॅलीप्राइम या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा एडिट लॉग (बदलांची नोंदवही) व्हाउचर आणि मास्टरमधले बदल चोख नोंदवतो. त्यासाठीच्या स्वतंत्र 'एडिट लॉग' आवृत्तीत तर तो बंदही करता येत नाही. पण तुमच्यासाठी लिहिलेल्या टीडीएलमध्ये, म्हणजे टॅलीला जोडलेल्या खास प्रोग्रॅममध्ये, कमिशन मोजण्याची ओळ बदलली, तर त्या लॉगला त्याचा पत्ता नसतो. व्हाउचर जसंच्या तसं राहतं, रिपोर्ट मात्र दुसरा आकडा दाखवतो. ग्राहकाकडे बहुधा कंपाइल केलेली टीसीपी फाइल असते. आतलं काय बदललं ते त्याला उघडून पाहता येत नाही.

दुसरी पळवाट डेटाबेसमध्ये असते. स्वतंत्र बनवून घेतलेल्या ईआरपीमध्ये (सगळा धंदा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ज्याच्याकडे बॅकएंडचा, म्हणजे थेट डेटाबेसचा, पासवर्ड आहे, तो स्क्रीनवर न येता एका क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या हुकमाने) शेकडो नोंदी बदलू शकतो. ॲप्लिकेशनचा लॉग हे पाहतच नाही. म्हणूनच ऑडिटर आता डेटाबेसच्या पातळीवरचा ट्रेलही मागतात, आणि त्यांचं मागणं रास्त आहे.

नोंद आणि तपासणी यांना जोड नसली की काय होतं, याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचा नवा कोड आठ सर्व्हरांपैकी सातांवरच चढला. आठव्यावर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला जुना भाग जागा झाला आणि बाजारात भराभर ऑर्डरी सोडू लागला. नेमकं काय बिघडलंय ते न कळल्याने दुरुस्ती करताना चांगल्या सात सर्व्हरांवरूनही नवा कोड काढला गेला, आणि नुकसान आणखी वाढलं. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. कोड सगळीकडे नीट चढला का, हे दुसऱ्या माणसाने तपासायची पद्धतच तिथे नव्हती, असं अमेरिकेच्या बाजार नियामकाने आपल्या आदेशात नोंदवलं.

आम्ही काय करतो

तुमच्या प्रत्येक मागणीला नंबर पडतो. कोणी मागितलं, का मागितलं, कोणत्या रिपोर्टवर किंवा छपाईवर परिणाम होईल, हे कोडला हात लावण्याआधी लिहिलं जातं. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, राहतो, त्यामुळे कोणती ओळ कोणत्या तारखेला कोणी बदलली ते कधीही काढता येतं, आणि जुन्या तारखेचा प्रोग्रॅम पुन्हा उभा करून जुनं बिल तपासता येतं. ज्याने लिहिलं तो स्वतःचं काम पास करत नाही. आधी तुमच्या डेटाच्या कॉपीवर चालवतो, तुमच्या माणसाचा होकार घेतो, मगच लाइव्ह.

लाइव्ह केलेल्या फाइलचा हॅश आम्ही नोंदवून ठेवतो. हा त्या फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. आत एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. दर महिन्याला तुमच्याकडच्या फाइलचा हॅश आमच्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळला नाही, तर त्याच दिवशी मालकांना फोन जातो, अकाउंटंटला नाही.

११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा आहे आणि रिपोर्ट अडला, अशा वेळी कागदासाठी कोणाला ताटकळत ठेवणार नाही. आधी दुरुस्ती करू. पण नोंद आणि दुसऱ्या माणसाची तपासणी त्याच दिवशी पूर्ण होईल, यात सूट नाही.

तुमच्याकडून काय हवं

बदल सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, ते एक-दोन नावांनी लेखी कळवा. 'साहेबांनी सांगितलंय, जरा एवढं करून टाका' अशा फोनवर आम्ही कोड बदलत नाही. याचा राग येतो हे आम्हाला माहीत आहे, तरीही बदलत नाही. कारण उद्या त्या फोनचा पुरावा तुमच्याकडेही नसेल आणि आमच्याकडेही. मेल चालेल, व्हॉट्सॲपचा मेसेजही चालेल, आम्ही तो मागणीला जोडून ठेवतो.

ॲडमिनचा पासवर्ड तिघांत मिळून वापरू नका. प्रत्येकाचा युझर वेगळा नसेल, तर लॉगमध्ये दिसणारं नाव कोणाचंच नसतं. बॅकएंडचा पासवर्ड रोजच्या एंट्री करणाऱ्याकडे नको. आमच्या माणसालाही रिमोट ॲक्सेस कामापुरता द्या आणि काम संपलं की बंद करा.

पूर्वी दुसऱ्या कोणाकडून काही करून घेतलेलं असेल, तर त्याचा सोर्स कोड मागून घ्या. करारात तसं नसेल तर पुढच्या करारात घाला. आमच्याशी काम थांबवलंत, तरी तुमच्यासाठी लिहिलेला कोड आणि त्याचा बदलांचा सगळा इतिहास तुम्हाला दिला जाईल. वर्षअखेरच्या ऑडिटसाठी बदल-नोंदीचा उतारा तुमच्या सीएंना हवा असेल, तर वर्षाचा काळ आणि कंपनीचं नाव मेलवर कळवा. उताऱ्याचे वेगळे पैसे नाहीत.